मुलांना नेण्याआधी: शिक्षकांनी स्थळभेटीतून स्थानिक इतिहास कसा शिकावा

सहल निघते तेव्हा मुलं पन्नास, बस एक आणि बहुतेक वेळा ते ठिकाण शिक्षकही पहिल्यांदाच बघत असतात. मग गाइड बोलतो, मुलं माकडांकडे बघतात आणि गुरुजी डोकी मोजत बसतात. परत आल्यावर 'क्षेत्रभेट अहवाल' लिहून होतो. त्यात पाठ्यपुस्तकातली चार वाक्यं आणि शेवटी "अशा प्रकारे सहल आनंदात पार पडली".

हा लेख त्या सहलीबद्दल नाही, तिच्या आधीच्या भेटीबद्दल आहे. चार-पाच शिक्षकांनी मुलांशिवाय एखाद्या जुन्या जागी जायचं आणि तिथला इतिहास आधी स्वतः शिकायचा. उदाहरणं मुख्यतः जुन्नर परिसरातली घेतली आहेत, कारण माझ्या बऱ्याचशा चुका तिथेच झाल्या. पहिल्या वेळी आम्ही शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाट एकाच रविवारी उरकले. संध्याकाळी चौघांच्या मोबाईलमध्ये मिळून चारशेच्या वर फोटो होते आणि कोणती खोली कोणत्या लेण्यातली, हे एकालाही सांगता येईना.

## टप्पा १: ठिकाण ठरवा, आणि एकच ठरवा

एका दिवसात एकच ठिकाण. मोठं असेल तर त्याचाही एकच भाग. लेण्याद्रीला गेलात तर ६ क्रमांकाचं चैत्यगृह (बौद्धांचं स्तूप असलेलं प्रार्थनागृह) आणि शेजारचं ७ क्रमांकाचं लेणं एवढंच दिवसभराला पुरतं. नाणेघाट जुन्नरपासून तीसेक किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे तो वेगळा दिवस.

ठिकाण प्रसिद्धच असलं पाहिजे असं नाही. नवख्या गटाला तर मी आधी गावातलंच काहीतरी घ्यायला सांगतो. वेशीजवळचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), बुजत आलेली बारव (पायऱ्यांची विहीर), पडकी गढी, चावडी, देवराईतलं ठाणं. आणि पांढर. गावाबाहेर 'पांढरीचं शेत' किंवा 'पांढरीचं टेकाड' असं नाव ऐकू आलं तर तिथे पूर्वी वस्ती असण्याची शक्यता मोठी. वस्तीच्या राखेमातीने जमीन पांढुरकी होते, म्हणून गावठाण ती पांढरी आणि शेतजमीन ती काळी, ही आपल्याकडची जुनी विभागणी. शिवाराची नावं हा फुकटात मिळणारा दस्तऐवज आहे. तलाठी कार्यालयातल्या गावनकाशापेक्षा जास्त नावं तुमच्याच वर्गातल्या मुलांच्या आज्यांना पाठ असतात.

तपासा: ठरवलेलं ठिकाण चार तासांत दोनदा फिरून होईल का? होत नसेल तर ते मोठं आहे, लहान करा.

## टप्पा २: प्रश्न लिहा, विषय नको

"लेण्याद्रीचा इतिहास" हा विषय झाला. तो घेऊन गेलात तर माहितीफलक उतरवून परत याल. प्रश्न असा हवा की त्याचं निदान अर्धं उत्तर तिथल्या दगडात डोळ्यांनी शोधता येईल. आमच्या गटाला उपयोगी पडलेले काही प्रश्न:

- ७ क्रमांकाचं लेणं आज गिरिजात्मजाचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ आहे. ते कोरलं तेव्हा कशासाठी कोरलं असेल? ते कशावरून म्हणायचं?
- हे लेणं खोदायला पैसे कोणी दिले?
- नाणेघाटातून माल जात होता हे दाखवणारं तिथे आज काय उरलं आहे?

तीन प्रश्न पुरेत. एका शिक्षकाने एकच प्रश्न घ्यावा आणि दिवसभर त्याच्यामागेच राहावं. सगळ्यांनी सगळं बघायचं ठरलं की शेवटी सगळ्यांचे सेल्फी सारखेच निघतात.

## टप्पा ३: घरचा अभ्यास, तोही मोजका

काहीच न वाचता गेलात तर समोरचं ओळखू येत नाही. फार वाचून गेलात तर वाचलेलंच दिसायला लागतं. माझा हिशेब असा: प्रत्येकाने दोन संध्याकाळी द्याव्यात, जास्त नको.

पहिल्या संध्याकाळी जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये पुणे जिल्ह्याचा १८ वा खंड तीन भागांत आहे, साल १८८५. गावं आणि ठिकाणं तिसऱ्या भागात सापडतात. वाचताना दोन गोष्टींचं भान ठेवा. गावांची नावं इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेली असतात, त्यामुळे आपलं गाव चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधावं लागतं. आणि लिहिणारा इंग्रज सरकारचा अधिकारी आहे. मोजमापं तो चांगली देतो, पण लोकांबद्दलची त्याची मतं जशीच्या तशी उचलू नका. मोजमापं मात्र जरूर उतरवून न्या, कारण तेव्हा उभं असलेलं आज काय उरलंय, हे त्यावरूनच ताडता येतं.

दुसऱ्या संध्याकाळी शब्द. चैत्य, विहार, स्तूप, वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ, पुष्करणी, चौथरा, कीर्तिमुख. प्रत्येक शब्दासाठी वहीत एक कच्चं चित्र काढा. नाव माहीत नसलेल्या वस्तूची नोंद "एक विचित्र दगड" अशीच होते.

याच आठवड्यात शाळेचं कपाट उघडा. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांची जुनी जनरल रजिस्टरं अजून शाबूत आहेत. मुलं कोणत्या महिन्यात शाळा सोडून जात, पालकांचे धंदे कोणते, कोणती आडनावं गावातून नाहीशी झाली, हे सगळं तिथे आहे. पण त्यात लोकांच्या जातीही नोंदलेल्या आहेत. मुख्याध्यापकांना विचारून बघा, आकडे आणि धंदे उतरवा, नावं उतरवू नका, आणि एकाही पानाचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

## टप्पा ४: परवानगी, वेळ आणि पिशवी

आधी जागा कोणाच्या अखत्यारीत आहे ते बघा. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडची स्मारकं १९५८ च्या कायद्याखाली येतात, राज्याच्या संरक्षित वास्तू १९६० च्या कायद्याखाली. निळा फलक असेल तर त्यावर खात्याचं नाव असतं. केंद्राच्या स्मारकात हातातल्या मोबाईलने फोटो काढायला सहसा अडचण येत नाही. ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते, आणि ड्रोनचा विचारही सोडून द्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश फी नाही, हे पुढच्या सहलीसाठी लिहून ठेवा.

फलक नसेल तर जागा ग्रामपंचायतीची, देवस्थानची किंवा कोणाच्या तरी मालकीची आहे. सरपंच, गुरव, शेतमालक, ज्यांचा हक्क असेल त्यांना आदल्या आठवड्यात स्वतः भेटून सांगा. फोनवर "अहो, आम्ही शिक्षक, जरा बघायला येतोय" एवढंच म्हटलं की समोरच्याला वाटतं सर्व्हे आला, आता रस्ता जाणार.

वेळेचं गणित ठिकाणागणिक बदलतं. नाणेघाटात पावसाळ्यात धुकं आणि ओल इतकी असते की भिंतीवर अक्षर दिसत नाही, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. लेण्याद्रीला संकष्टी, अंगारकी आणि सुट्टीचे रविवार टाळा. अष्टविनायकातलं ठिकाण असल्याने त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याखेरीज काही होत नाही. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हेही मराठवाड्याकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पिशवीत हे असू द्या: लांब वही, दोन पेन्सिली (ओल्या कागदावर पेन फुटतं), पाच मीटरचा टेप, १५ सेंटिमीटरची पट्टी, विजेरी, पाणी. होकायंत्र मोबाईलमधलं चालेल, मात्र चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर आधी काढा. आम्ही एका देवळाचं तोंड तासभर वायव्येला लिहीत होतो. ते सरळ पूर्वेला होतं.

सावधान: पिशवीत खडू, तेल, हळद, पीठ, ब्रश, खिळा यांतलं काहीही नको. का ते सहाव्या टप्प्यात येईल.

## टप्पा ५: पहिला अर्धा तास मोबाईल खिशात

पोहोचल्याबरोबर कॅमेरे निघतात. ते अर्धा तास बंद ठेवा. गाइडलाही नम्रपणे सांगा, "दादा, तुम्ही चहा घ्या, आम्ही एक चक्कर मारून येतो." प्रत्येकाने एकट्याने, न बोलता फिरायचं.

मग सावलीत बसून प्रत्येकाने न कळलेली एकच गोष्ट सांगायची. उत्तर द्यायचं नाही, नुसती लिहून घ्यायची. लेण्याद्रीच्या ७ क्रमांकात गेलो तेव्हा आमच्यातल्या गणिताच्या बाईंनी विचारलं, "देवळाला एवढ्या खोल्या कशाला?" मोजल्या तर दोन्ही बाजूंना सात-सात, मागे सहा. वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन एकत्र करून तिथे गणपती आहे. मधे मोठं दालन आणि भोवतीने राहण्याच्या खोल्या ही रचना बौद्ध विहाराची. पुस्तकात हे एका ओळीत असतं, पण मोजून कळलेलं बाई विसरल्या नाहीत, आणि पुढे त्यांच्या वर्गातली मुलंही विसरली नाहीत.

गाइड अर्ध्या तासानंतर. त्याचं सगळं ऐका, कारण तोही एक स्रोत आहे. फक्त ते कोणत्या रकान्यात लिहायचं, ते पुढे बघा.

## टप्पा ६: नोंद घेणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

वहीचे तीन रकाने. पानावर दोन उभ्या रेघा मारा. पहिला रकाना 'दिसलं', दुसरा 'सांगितलं', तिसरा 'लिहिलेलं'. नाणेघाटाचं उदाहरण घ्या. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. पहिल्या रकान्यात: दगडी रांजण, माप अमुक, तोंडाचा व्यास अमुक. दुसऱ्यात: "यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट", सांगणारा गाइड, तारीख. तिसऱ्यात: जवळच्या लेण्यातला लेख. तो ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे, सातवाहन राणी नागनिकेचा आहे आणि त्यात यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गाई, घोडे, कार्षापण नाणी. जकातीचा हिशेब त्यात नाही. म्हणून रांजणाची गोष्ट खोटी ठरते का? नाही. ती दुसऱ्या रकान्यात राहते, एवढंच. दुसऱ्यातली गोष्ट उचलून तिसऱ्यात ठेवणं ही आपल्या सगळ्यांची सवय, आणि गावोगावच्या शाळांच्या भिंतींवरचा अर्धा इतिहास त्या सवयीनेच रंगवलेला आहे.

त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं राहिलीत. 'दिसलं'मध्ये फक्त पाय आणि अक्षरं लिहा. "राजांचे पुतळे पाहिले" असं लिहू नका, कारण ते तुम्ही पाहिलेले नाहीत.

आराखडा. चित्रकला येत नाही ही सबब चालत नाही. शाळेच्या मैदानावर आधी २० मीटर मोजून आपली किती पावलं होतात ते काढून ठेवा, मग तिथे पावलांनी मोजा. चौकोन, दारं, खांबांचे ठिपके, उत्तर दिशेचा बाण. एवढा आराखडा दहा मिनिटांत होतो आणि शंभर फोटोंचं काम करतो.

फोटो. क्रम ठरलेला हवा: आधी लांबून संपूर्ण वास्तू, मग मधलं अंतर, मग बारकावा. बारकाव्याच्या फोटोत १५ सेंटिमीटरची पट्टी शेजारी धरा, दगडाला टेकवू नका. प्रत्येक फोटोचा क्रमांक वहीत. माणसं फोटोत नकोत. सरांच्या खांद्यामागे वीरगळाचा वरचा टप्पा गेलेला फोटो माझ्याकडे आहे. सर छान आलेत.

शिलालेख. अक्षरं पुसट असली की कोणीतरी हमखास खडू काढतो. कोणी तेल लावतो, कोणी पीठ चोळतो, कोणी पाणी मारून घासतो. यातलं काहीही करायचं नाही. खडू अक्षरात बसतो आणि आपण चुकीचं अक्षर गिरवलं की पुढचा माणूस तेच खरं धरतो. त्यापेक्षा विजेरी भिंतीला जवळजवळ समांतर धरून बाजूने उजेड टाका. कोरलेल्या रेघेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. एकाने विजेरी फिरवायची, दुसऱ्याने डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन फोटो काढायचे. उघड्यावरच्या दगडाला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर हाच उजेड फुकट मिळतो. शाई लावून कागदावर ठसा घेणं हे परवानगी असलेल्या जाणकाराचं काम आहे.

वीरगळ. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खाली लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला अप्सरा वर नेताहेत, वरच्या टप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करतोय, टोकाला चंद्रसूर्य. टप्पे कधी तीन, कधी चार. वरून वाचायला लागलात तर गोष्ट उलटी होते: पूजा करणारा माणूस लढाईत मेला! खालच्या टप्प्यात गाई कोरलेल्या असतील तर गोधन वाचवताना झालेली लढाई असण्याची शक्यता धरा. शेजारी बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. गाढव कोरलेला दगड म्हणजे गधेगाळ. दान दिलेली जमीन हिरावणाऱ्याला त्यावर शिवी कोरलेली असते. ती मुलांना कशी समजावायची हे आधीच ठरवून ठेवा. मी "दान मोडणाऱ्याला शाप" एवढ्यावर थांबतो.

सावधान: वीरगळाला शेंदूर असेल तर तो खरवडू नका. गावासाठी तो देव आहे. तुम्ही निघून जाल, पण गुरवाला रोज तिथेच उभं राहायचंय.

सावधान: पांढरीवर खापराचे तुकडे, मणी, नाणं दिसलं तर जागेवर फोटो काढा, उचलू नका. शाळेच्या 'संग्रहालया'साठी आणलेलं खापर कुठल्या थरातलं, कुठल्या कोपऱ्यातलं, हे उचलताक्षणी पुसलं जातं. शिवाय संरक्षित स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तो कायदा १८७८ पासून आहे.

## टप्पा ७: माणसांशी बोलणं

वास्तू बघून झाली की गावात या. उलट क्रमाने गेलात तर आजोबांनी सांगितलेलंच दगडात दिसायला लागतं.

नेहमीची चूक म्हणजे प्रश्नातच उत्तर घालून विचारणं. "आजोबा, ही वेस शिवाजी महाराजांच्या काळातली ना?" आजोबा सभ्य आहेत, समोर गुरुजी उभे आहेत, ते "हो" म्हणणार. असं विचारा: "आजोबा, तुम्ही लहान असताना ही वेस कशी होती? रात्री लावून घेत का? शेवटची कधी लावलेली आठवते?" ज्याला उत्तर देताना 'हो' किंवा 'नाही' म्हणून सुटता येत नाही, तो प्रश्न चांगला.

साल विचारू नका, मोठ्या घटनेला बांधा. "बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?" "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढे होतात?" १९७२ आणि १९६७ हे दोन खुंटे बहुतेक जुन्या माणसांच्या आठवणीत पक्के असतात. बाईमाणसांशी बोलायला गटातल्या बाई जाव्यात, आणि ओट्यावर नव्हे तर स्वयंपाकघरात. बारवेचं पाणी कोणत्या महिन्यात कुठल्या पायरीपर्यंत उतरायचं, हे ते पाणी शेंदणाऱ्या आजीला माहीत असतं. आणि तिथेच दुसरी गोष्टही निघते: कोणत्या वस्तीला त्या बारवेवर पाणी भरू देत नव्हते. ती ऐकून घ्या आणि लिहा. त्या वस्तीतही जा. गावातल्या एकाच आळीत बोलून परत येणाऱ्या गटाची वही एकाच आळीचा इतिहास सांगते.

रेकॉर्डिंग विचारूनच करा. "नाव लिहू का?" हेही विचारा.

## टप्पा ८: त्याच रात्री

हा टप्पा छोटा आहे आणि सगळ्यात जास्त वेळा तोच गळतो. घरी पोहोचल्यावर, जेवणाआधी, अर्धा तास. फोटोंना ठिकाण आणि क्रमांकाने नावं द्या, कच्चा आराखडा शाईने पक्का करा, वहीतल्या तुटक शब्दांची वाक्यं करा. "खां. ८ डा. घंटा?" याचा अर्थ त्या रात्री कळतो, पुढच्या रविवारी कळत नाही. गटाने दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकत्र बसून वह्या एकमेकांना वाचून दाखवाव्यात. दोघांनी मोजलेले खांब जुळत नसतील तर आताच कळू दे.

## टप्पा ९: पडताळणी

आता वाचा, पोटभर वाचा. एव्हाना तुमच्याकडे प्रश्न आहेत, त्यामुळे वाचन भरकटत नाही. क्रम असा ठेवा: आधी लेखाचं प्रसिद्ध झालेलं वाचन, मग अभ्यासकांचं लेखन, मग गॅझेटियर, मग फलक, आणि मोबाईलवर फिरणारे संदेश सर्वांत शेवटी. त्यांना घाई नसते, ते पुन्हा येतातच.

लेण्याद्रीच्या ६ क्रमांकाच्या चैत्यगृहावरच्या लेखात ते दान देणारा कल्याणच्या 'हेरणिका'चा मुलगा सुलसदत असल्याचं सांगितलं आहे. इथे थांबायला हवं. हेरणिक हा शब्द हिरण्याशी, म्हणजे सोन्याशी जोडलेला. मग हे बापाचं नाव की सोन्याशी संबंधित धंदा? आणि कल्याणच्या माणसाने जुन्नरला लेणं का द्यावं? नकाशा काढा. कल्याण बंदर, मधे नाणेघाट, वर जुन्नर. आमच्या गटाला नाणेघाटाची दुसरी भेट इथेच सुचली. खर्च कोणी केला, या दुसऱ्या टप्प्यातल्या प्रश्नाचं उत्तर दारावरच कोरलेलं होतं. आणि ते राजाचं नाव नव्हतं.

सालं बदलताना. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, एवढंच पाठ असतं आणि तिथेच चूक होते. इसवी सन जानेवारीत बदलतं, शक चैत्रात. म्हणून साधारण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शिवजयंतीचंच उदाहरण करून बघा: शके १५५१, फाल्गुन वद्य ३. ७८ मिळवले तर १६२९ येतं, ते चूक. ७९ मिळवले की १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. मराठी कागदांत येणाऱ्या शुहूर सनात साधारण ५९९ मिळवा, फसलीत (महसुली सनात) ५९०. दोन्हींत वर्षाची सुरुवात उन्हाळ्यात होत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. हिजरी सनाला बेरीज चालत नाही. ते चांद्रवर्ष दर साल सुमारे ११ दिवसांनी सरकतं, त्यासाठी जंत्री, म्हणजे तारखा जुळवून दिलेला तक्ता, बघायची.

नेहमीचे चार शिक्के. पडताळणीत हे चार दिसले की लाल पेन घ्या.

पहिला, "हेमाडपंती". काळ्या दगडाचं, चुना न वापरलेलं देऊळ दिसलं की हा शिक्का बसतो. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. ते हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं आहे, मग हेमाडपंती कसं? 'दगडी, शुष्क सांध्यांचं बांधकाम' असं साधं लिहा.

दुसरा, "पांडवांनी एका रात्रीत बांधलं". ही लोककथा आहे, दुसऱ्या रकान्यात सुंदर दिसते, तिथून काढू नका.

तिसरा, "ही बारव अहिल्याबाईंनी बांधली". त्यांनी खरोखरच पुष्कळ बांधलं, म्हणूनच सगळं त्यांच्या नावावर जातं. त्यांचा कारभार १७६७ ते १७९५. बारवेवर लेख असेल तर साल जुळवा, नसेल तर "असं सांगतात" म्हणा.

चौथा, भुयार. माझ्या पाहण्यातल्या प्रत्येक किल्ल्यातून शेजारच्या किल्ल्याला भुयार जातं आणि ते प्रत्येक वेळी "आत्ताच बुजवलंय".

तपासा: वहीतल्या प्रत्येक विधानापुढे 'दि', 'सां' किंवा 'लि' हे अक्षर आहे का? एकही नसेल तर ते विधान तुमच्या कल्पनेतून आलंय.

## टप्पा १०: आता मुलं

पाठ जोडताना ओढूनताणून जोडू नका. चौथीच्या परिसर अभ्यासाला शिवनेरी सरळ जोडता येते. पण त्याच शिवनेरीच्या कड्यात बौद्ध लेणीही आहेत आणि ती सहावीच्या प्राचीन भारताला लागतात. एकाच डोंगरावर दोन वेगळे काळ आहेत, हे मुलांनी स्वतः शोधावं असं बघा. नाणेघाटाच्या लेखातली संख्याचिन्हं गणिताच्या तासालाही चालतात.

मुलांना सगळं सांगायचं नाही. तुम्ही जे मोजलंत, ते त्यांनाही मोजू द्या. एका गटाला एक प्रश्न, एक टेप, एक वही. विसांवर मुलं असतील तर गट दोन करा आणि एका वेळी एकच गट आत न्या. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर डबे उघडू देऊ नका, माकडं डबा हातातून काढून घेतात आणि मग उरलेला दिवस त्याच गोष्टीवर जातो.

तुमच्या नोंदींची एक प्रत आपल्या शाळाकेंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचा, कारण शेजारच्या शाळेला तेच ठिकाण पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागू नये. दुसरी प्रत, आराखड्यासह, ज्यांनी परवानगी दिली त्या गुरवाला, सरपंचांना किंवा शेतमालकाला नेऊन द्या. आम्ही एका गावात ती दिली तेव्हा गुरवकाकांनी आराखडा उलटा धरला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "इथं अजून एक दगड होता. गटाराच्या कामात खाली गेला. दाखवू का कुठं ते?"

वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा.